तुसाचा धूर आणि तीन मिनिटं

राइस मिलमध्ये धान भरडलं की तांदूळ पोत्यात जातो, कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, बाजूला पडते आणि मागच्या अंगणात तुसाचा ढीग वाढत राहतो. तो ढीग कुणी ठरवून घालत नाही. आमच्या किश्शांचंही तसंच झालं. आम्ही आपले कामात होतो आणि मागे ढीग कधी लागला ते कळलंच नाही. आता चहाला चार जण जमले की कुणीतरी म्हणतंच, "बोपचे, तो फायर ब्रिगेडवाला सांगा ना!" आणि मला तर काय, नुसतं निमित्त लागतं.

आमचं काम ऐकून लोक आधी हसायचे. अणुवीज केंद्रात आग लागली, तर कंट्रोल रूममधला माणूस कुठे चुकेल, किती वेळा चुकेल आणि का चुकेल, हे आग लागायच्या आधीच शोधून काढायचं! पंप किती वेळा बिघडतो त्याचा आकडा पंपवाल्याकडे असतो. माणसाचा आकडा कुणाकडेच नसतो. तो आम्ही काढायचो, आणि तोही गोंदियात, नागऱ्याच्या रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या राइस मिलमध्ये!

हे सगळं रहांगडाले सरांचं डोकं. सर मूळचे इथलेच, पवार शेतकऱ्याच्या घरातले. उभी नोकरी दूरच्या एका अणुवीज केंद्रात केली आणि दोन हजार तीनच्या सुमारास निवृत्त होऊन घरी आले. लोक निवृत्तीनंतर बागबगीचा करतात. सरांनी चुलतभावाची मिल मागून घेतली आणि तिच्यात प्लायवूडची कंट्रोल रूम उभी केली. मापं सगळी खरी! पॅनेल, दिवे, हूटर, फोन, सगळं जागच्या जागी. वेगवेगळ्या केंद्रांतून ऑपरेटरांच्या तुकड्या यायच्या, आम्ही त्यांच्या खोलीत धूर सोडायचो आणि ते काय करतात ते बघायचो.

कायमची माणसं आम्ही तिघंच. सर, स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा मी, आणि फुलवंताबाई. फुलवंताबाई दोन वेळचा स्वयंपाक करायची आणि ड्रममध्ये तूस धुमसवून पाइपातून धूरही तीच सोडायची. किती तुसाला किती धूर, हे तिच्याइतकं कुणालाच कळलं नाही. पगारपत्रकात तिचं पद होतं 'स्वयंपाकीण'. सर मात्र तिची ओळख करून देताना म्हणायचे, "या आमच्या आग!"

*

पहिल्याच दिवशीची गोष्ट. धूर सोडला आणि शेजारच्या टाइल्सवाल्याने फायर ब्रिगेडला फोन केला. घंटा वाजवत गाडी आली, आधी चुकीच्या फाटकातून टाइल्सच्या दुकानात शिरली, मग आमच्याकडे. त्यांच्या मुख्य माणसाने उडी मारली आणि तो ओरडला, "आग किधर है?"

सर शांतपणे म्हणाले, "अंदर है. लेकिन नकली है."

"तो धुआँ असली काय को निकाल रहे हो?"

सरांनी सगळ्यांना चहा पाजला, यायला किती मिनिटं लागली ते विचारून घेतलं आणि चुकीच्या फाटकाचं कारणही वहीत टिपून ठेवलं. त्या दिवसापासून नियम केला. धूर सोडायच्या आधी फायर ब्रिगेडला फोन करून सांगायचं, "आज नकली आहे."

वर्षभर हे बिनबोभाट चाललं. मग एका दुपारी मागच्या ढिगाला खरोखरच आग लागली. मी फोन केला. पलीकडून प्रेमळ आवाज आला, "हाँ हाँ बोपचेजी, नकली ना? लिख लिया, लिख लिया!" आणि फोन ठेवून दिला.

शेवटी आम्ही तिघांनी आणि टाइल्सवाल्याने बादल्या मारून आग विझवली. माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, सर, यांची तक्रार करा. तोंडाला काजळी लागलेले सर वही शोधत होते. म्हणाले, "तक्रार कोनाची करता जी? वर्षभर आपणच शिकवलं त्याले, गोंदियातली आग खोटी राहते म्हणून." पुढे प्रत्येक तुकडीला ते हा किस्सा सांगायचे आणि विचारायचे, तुमच्या केंद्रात रोज खोटा वाजणारा हूटर कोणता? हात पटापट वर जायचे.

*

हूटरवरून आठवलं. येणाऱ्या प्रत्येक ऑपरेटरला आम्ही विचारायचो, अलार्म वाजला की तुम्ही सगळ्यात आधी काय करता? सगळ्यांचं उत्तर एकच. "कोणता अलार्म आहे ते वाचतो." प्रत्यक्षात हूटर वाजला की हात थेट आवाज बंद करायच्या बटणावर! वाचणं नंतर. कधी कधी तर वाचणंच नाही. हुशार हुशार माणसंही तेच करत होती.

सर आठवडाभर याच्या कारणावर विचार करत होते. फुलवंताबाई ताट वाढता वाढता म्हणाली, "त्यात का आहे जी? लेकरू रडाले लागलं का आधी तोंडात काही तरी द्या लागते. आवाज बंद झाला का मंग पाहाव, काऊन रडून राहिलं होतं त."

सरांचा घास हातातच राहिला. रिपोर्टात त्यांनी तो मुद्दा जसाच्या तसा, फक्त इंग्रजीत घातला. मुंबईहून एका तज्ज्ञाने पत्र पाठवलं, हे निरीक्षण फारच मोलाचं आहे, याचा संदर्भ कळवावा. सरांनी उलट टपाली कळवलं: फुलवंताबाई, गोंदिया, प्रत्यक्ष संभाषण.

तज्ज्ञाने पुढच्या वेळी फुलवंताबाईंचे आणखी काही लिखाण उपलब्ध आहे का, असं विचारलं!

*

सर दुसऱ्यांच्याच चुका मोजायचे असं नाही. एकदा म्हणाले, "बोपचे, उद्या मी बसतो खुर्चीवर." आग लागल्यावर कोणती पायरी आधी, कोणती नंतर, ही जी प्रक्रिया त्यांनी स्वतः लिहिली होती, तीच करायची. म्हटलं, आता बघा, कसं लोण्यातून सुरी फिरल्यासारखं होईल!

धूर आला, दिवे गेले, तिन्ही हूटर वाजले आणि सरांनी तिसऱ्या मिनिटाला विजेचा चुकीचा ब्रेकर उघडला. मी हळूच स्टॉपवॉच खिशात घातलं. वाटलं, घरचाच माणूस आहे, कशाला लिहायचं?

सरांनी धुरासाठीचा मुखवटा काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खिशातलं बाहेर काढा." भिंतीवर चुकलेल्यांची यादी लावलेली असायची, नुसते नंबर, नावं नाहीत. सरांनी त्यात सगळ्यात वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट. नवीन तुकडी आली की आधी ती यादी वाचायची आणि मग त्यांचे खांदे जरा सैल पडायचे. मी खूप साहेब पाहिले, पण असं नाव लिहिणारा पुन्हा पाहिला नाही.

*

एकदा सगळ्या केंद्रांसाठी अशा प्रक्रिया लिहिणाऱ्या साहेबांचीच समिती आली. पाच जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे. अध्यक्ष वागळे साहेब. माणूस कडक, कपाळावर कायम आठी, पण लेखी पुरावा दिसला की मानणारा. सर म्हणाले, "तुम्हीच लिहिलंय, तर मुखवटा घालून एकदा वाचून दाखवा."

मुखवटे चढवायला गेले तर चष्मा आड येऊ लागला! चष्मा काढला की कागद दिसेना. पाचही साहेब हात लांब करून कागद धरून उभे. एक जण तर कागद भिंतीला टाचून चार पावलं मागे गेले. वागळे साहेबांनी कागद खाली ठेवला आणि मुखवट्यातूनच म्हणाले, "मला पाठ आहे!" खणखणीत आवाजात पायऱ्या म्हणून दाखवल्या.

सर म्हणाले, "उत्तम. फक्त चौथी राहिली."

"चौथी कोणती?"

"रिअॅक्टर बंद करणे."

वागळे साहेबांनी मुखवटा काढला. मग त्यांनी सरांच्या सूचनेवर तिथल्या तिथे सही केली. सगळ्या केंद्रांत अक्षर दुप्पट मोठं झालं आणि मुखवट्यात बसणारे चष्मे आले.

*

आता उईकेची गोष्ट.

उईके देवरीकडचा, जंगलपट्ट्यातल्या गोंड घरातला. वडील तेंदूपत्त्याच्या हंगामात राबायचे. पोरगा शिकला, ऑपरेटर झाला आणि एका लांबच्या केंद्रातून आमच्याकडे तुकडीत आला. बोलायचा कमी. धुरात मात्र असा चालायचा, जणू अंगणातून विहिरीकडे चाललाय. फुलवंताबाईचा तो लाडका. ती म्हणायची, "याच्यासाठी धूर वाया जाते जी!"

तुकडी परत गेली आणि दोनेक वर्षांनी त्याच्या केंद्रात खरी आग लागली. केबलच्या खोलीत. आग लहान होती, विझली, कुणाला ओरखडाही आला नाही. पण कंट्रोल रूममध्ये धूर शिरला, दिवे गेले, आणि उईकेला बाहेर जाऊन यंत्रांमधल्या गल्लीच्या टोकाचा एक व्हॉल्व हाताने बंद करायचा होता. कागदावर त्याला वेळ होता तीन मिनिटं. त्याला लागली साडेचार. दुसरा पंप आपोआप सुरू झाला म्हणून निभावलं.

पाच जणांची चौकशी समिती बसली. अध्यक्ष पुन्हा वागळे साहेब. रिपोर्टात 'कारण' या रकान्यात दोनच शब्द पडले: ऑपरेटरची दिरंगाई. उईकेचं लायसन्स थांबवलं. ते कायमचं गेलं असतं, तर तो पुन्हा कधीच पॅनेलवर बसू शकला नसता. फक्त एक सोय होती. शेवटची सही व्हायच्या आधी रहांगडाले सरांनी त्याची चाचणी घ्यावी आणि मत द्यावं.

उईके मिलमध्ये आला तो अर्धा होऊन. सरांनी विचारलं, "का झालं होतं?" तो म्हणाला, "उशीर झाला जी. कबूल आहे." यापुढे एक शब्द नाही. बाकीच्या सगळ्या प्रश्नांना खाली मान.

चाचणी घेतली. तोच धूर, तोच अंधार, गल्ली तेवढीच लांब. दोन मिनिटं दहा सेकंद! दुसऱ्यांदा, त्याहून कमी. मला आनंद झाला. सरांचा चेहरा उतरला. मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. इथे इतकं झटपट जमतं आणि तिथे जमलं नाही, म्हणजे वागळे साहेब काय म्हणणार? माणूस घाबरला! तो जितका चांगला धावत होता, तितका जास्त अडकत होता.

तिसऱ्या चाचणीच्या आधी मी त्याला कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, उईके, जरा हळू जा ना बाबा.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कायले जी? आग का मले पाहून हळू पेटते?"

आणि गेला. दोन मिनिटं पाच! मी कपाळाला हात लावला.

*

सरांचं जेवणात लक्ष लागेना. फुलवंताबाई भाजीत मीठ विसरली, तेही त्यांना कळलं नाही. तशात महाशिवरात्र आली. ती म्हणाली, "कागद पाहून पाहून डोरे फुटतीन तुमचे. नागऱ्याले जाऊन या." म्हणून सर, उईके आणि मी देवळात गेलो. ही गर्दी! दर्शन घेऊन बाहेर आलो तर चपला-बुटांचा डोंगर झालेला. मी माझ्या शोधू लागलो, उईके त्याचे बूट शोधू लागला. सर नुसते उभे. अनवाणी. आमच्याकडे बघत.

मग त्यांनी एकदम उईकेचा दंड धरला. "उईके, तुमच्या कंट्रोल रूममध्ये जोडे घालून जाता का बाहेर काढता?"

"बाहेरच काढतो ना जी. धूळ जाते आत. दाराजवर रॅक आहे."

"अन गल्लीत बिनाबुटाचं जाता येते?"

"नाही जी. सेफ्टी बूट पायजेच. नियम आहे."

"त्या दिवशी?"

उईकेने बुटांच्या ढिगाकडे पाहिलं. बाजूने लोक धक्के देत होते. शेवटी अगदी हळू म्हणाला, "अंधार होता. धूर होता. सगळ्याइचे बूट एकासारखे."

"मंग समितीले सांगितलं काऊन नाही?"

"का सांगू जी? एवढी आग लागली, अन देवरीचा हा मानूस जोडे शोधून राहिला होता? हसले असते सगळे. बाबाले कोनतं तोंड दाखवलं असतं?"

आता माझे कान लाल झाले. कारण इतकी वर्षं स्टॉपवॉच माझ्या हातात होतं! आमच्या प्लायवूडच्या खोलीत सगळं मापाने खरं होतं, पण खाली जिकडेतिकडे तूस. त्यामुळे आमच्याकडे कुणी जोडे काढतच नव्हतं. पहिल्या दिवशी प्रत्येक ऑपरेटर दाराशी सवयीने थबकायचा, खाली बघायचा आणि तसाच आत यायचा. ते थबकणं मी शंभरदा पाहिलं होतं. एकदाही लिहिलं नव्हतं.

सर मिलपर्यंत अनवाणीच आले. त्यांच्या चपला कुणी नेल्या ते आजतागायत कळलेलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

*

समिती शेवटच्या बैठकीला गोंदियात आली. सरांनी आधीच लेखी कळवलं होतं की बैठकीत एक लहान चाचणी होईल. केव्हा होईल, ते कळवलं नव्हतं.

दोन दिवस आम्ही ती खोली झाडत होतो. खाली स्वच्छ सतरंजी घातली. दाराबाहेर एक लाकडी रॅक ठेवला. साहेब मंडळी आली, सतरंजी पाहिली आणि कुणी न सांगता पाचही जणांनी बूट काढून रॅकवर ठेवले. सगळे काळे. फुलवंताबाई चहा घेऊन आली, तिनेही चपला तिथेच काढल्या.

वागळे साहेबांनी फाइल उघडली. "रहांगडाले, अक्षर लहान होतं, ते मी मान्य केलं होतं. इथे तसं काही नाही. तुमच्याच चाचणीत हा माणूस दोन मिनिटांत पोचतो. तिथे साडेचार. मला दुसरा शब्द सुचवा, मी लिहितो."

उईके भिंतीशी उभा होता. त्याने मान वर केली नाही.

सर म्हणाले, "सुचवतो, साहेब." आणि फुलवंताबाईकडे बघितलं. ती कपबशा तिथेच ठेवून अनवाणीच ड्रमकडे धावली. मिनिटभरात धूर आत आला, दिवे गेले, हूटर सुरू झाला. सर ओरडले, "चला साहेब, बाहेर! बूट घालून, नियमाप्रमाणे!"

मग दाराशी जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं. पाच साहेब एका रॅकवर वाकलेले. "हा माझा नव्हे!" "पाय काढा हो!" "लेस कुणाची ओढताय?" एक जण सतरंजीवर बसून लहान मापाच्या बुटात मोठ्या मापाचा पाय कोंबत होते. सगळ्यात शेवटी वागळे साहेब खोकत, काखेत फाइल धरून अंगणात आले.

सरांनी विचारलं, "बोपचे, किती?"

मी वाचलं. "एक मिनिट चाळीस."

वागळे साहेब तडकले. "हे बरोबर नाही! आम्हाला धुरात चालायची सवय नाही, त्याला आहे!"

"म्हणूनच चालणं मोजलंच नाही, साहेब," सर म्हणाले. "फक्त दारापर्यंतचं मोजलं."

वागळे साहेबांची नजर खाली गेली ती पायांवर थांबली. एका पायात त्यांचा काळा बूट होता. दुसऱ्या पायात फुलवंताबाईची निळी रबरी चप्पल.

मग त्यांनी उईकेला जवळ बोलावलं. "त्या दिवशी तुला तरी तुझी जोडी मिळाली होती का रे?"

"नाही जी," उईके म्हणाला. "डावा कोनाचा होता, आजही मालूम नाही. आंगठा मुडपून गेलो. व्हॉल्व बंद करून आल्यावर पायलं."

वागळे साहेबांनी हात पुढे केला. सरांनी पेन दिला. फाइल माझ्या पाठीवर टेकवून, तसंच उभ्याने, त्यांनी रकान्यातले दोन शब्द खोडले आणि वर काहीतरी लिहिलं. पेन बराच वेळ चालला. नंतर मी वाचलं: 'दार ते व्हॉल्व, तीन मिनिटे. बूट धरलेच नाहीत. चूक हिशेब करणाऱ्यांची.' खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा.

फाइल बंद झाली. उईके तोंड फिरवून तुसाच्या ढिगाकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

ड्रमजवळून फुलवंताबाई रॅकवर उरलेली एकच चप्पल घालून एका पायावर उड्या मारत आली. "सही झाली असन त माही चप्पल द्या जी. भात करपून राहिला!"